ऐकण्याचे पैकीच्या पैकी

आमच्या शाळेतल्या तिसरीच्या बाईंना आम्ही सगळे पाठीमागे रेडिओबाई म्हणायचो. हे नाव मीच ठेवलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं, कारण लग्नाआधी त्या खरोखरच रेडिओवर बातम्या वाचण्याच्या जागेसाठी आवाजाची चाचणी देऊन आल्या होत्या. तिथे त्यांना एका बंद खोलीत एकटीला बसवलं, समोर माइक ठेवला, हातात एक कागद दिला आणि वाचायला सांगितलं. ऐकणारी माणसं पलीकडच्या खोलीत होती. बाईंना ती दिसत नव्हती आणि त्यांना बाई दिसत नव्हत्या. काही दिवसांनी नकार आला. कारण काही दिलं नव्हतं. बाईंनी मग शाळेची नोकरी धरली आणि ती अशी धरली की वर्गातली बाकं बदलली, फळा काळ्याचा पांढरा झाला, हेडसर येऊन गेले, पण तिसरीच्या बाई त्याच राहिल्या.

बाई अंगाने लहानखुऱ्या आणि नाक त्याहून लहान. स्वभाव असा की नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत, पण त्याच नाकावर चष्मा काही धड बसायचा नाही. तो सारखा शेंड्यावर उतरायचा आणि बाई त्याच्यावरून जगाकडे बघायच्या. अगदीच नीट बघायची वेळ आली की मग मधल्या बोटाने तो वर ढकलायच्या. चष्म्याच्या दुकानदाराने दोनतीनदा काड्या वाकवून दिल्या, पण नाकाचं तो काय करणार.

घरी नवरा होता, टपाल खात्यातून निवृत्त झालेला. सकाळी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेऊन बसला की दुपारच्या जेवणालाच उठायचा. लेक इस्पितळात रक्त तपासण्याच्या कामाला, जावई कायम फिरतीवर, त्यामुळे त्यांची मुलगी आजीकडेच वाढली. तिला सगळे ठमी म्हणत. ज्या वर्षाची ही हकिगत, त्या वर्षी ठमी तिसरीत, म्हणजे आजीच्याच वर्गात होती. शाळेच्या फाटकाच्या आत ‘बाई’ म्हणायचं आणि बाहेर ‘आजी’, असा दोघींचा करार होता. ठमी तो काटेकोर पाळायची. एक पाय आत, एक बाहेर ठेवून ‘बाई-आजी’ असं एका दमात म्हणूनही दाखवायची.

मी चौथीचा मास्तर. माझा वर्ग बाईंच्या वर्गाला लागूनच. मधल्या भिंतीतून त्यांचा आवाज स्पष्ट यायचा. माझाही पलीकडे जात असणार, पण त्याबद्दल कुणी कधी चांगलं बोललं नाही. माझा आवाज बादली फरशीवरून ओढल्यासारखा आहे, हे मला माझ्या बायकोने लग्नानंतर लगेच सांगितलं होतं.

आता सामाईक चाचणीबद्दल सांगायला हवं. दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी सगळ्या शाळांमधल्या तिसरी-चौथीच्या मुलांना एकच प्रश्नपत्रिका देतात. गणित, वाचन आणि श्रवण असे तिचे भाग. निकाल लागला की सगळ्या शाळांचा एक तक्ता छापून येतो आणि कोण वर, कोण खाली, ते साऱ्या गावाला दिसतं. आईबाप तो तक्ता बघून मुलांच्या शाळा बदलतात. गणितात आमची शाळा तळाला असायची. वाचनात तळापासून जरा वर. श्रवणात मात्र आम्ही पहिले, तेही सतत, आणि नुसते पहिले नव्हे तर बाकीच्यांच्या कितीतरी पुढे. आमचे हेडसर व्यवहारी गृहस्थ. त्यांनी तक्त्यातला श्रवणाचा तेवढा भाग कापून मोठा करून घेतला आणि फाटकातून आत आल्याबरोबर दिसेल असा काचेत लावला.

श्रवणाची परीक्षा अशी असते. एक उतारा बंद पाकिटातून येतो, सोबत त्यावरचे प्रश्न. शिक्षकाने तो मुलांना दोनदा वाचून दाखवायचा. पहिल्या वाचनाला मुलं हाताची घडी घालून नुसती ऐकतात. मग त्यांना प्रश्न वाटतात, आणि दुसऱ्या वाचनाच्या वेळी ती ऐकता ऐकता उत्तरं लिहू शकतात. खरं तर प्रत्येक वर्गाच्या शिक्षकाने आपापल्या मुलांसाठी वाचायचं असतं. पण आमच्याकडे फार पूर्वीपासून रिवाज पडला होता की दोन्ही वर्ग मोठ्या खोलीत एकत्र बसवायचे आणि वाचायचं रेडिओबाईंनी. मी मागे भिंतीला टेकून डोळ्यांत तेल घालून पहारा करायचा. कुणी कुणाच्या कागदात बघत नाही ना, एवढंच मी पाहायचो. कुणीच बघायचं नाही. सगळ्यांच्या नजरा समोर. मला त्या शिस्तीचं मोठं कौतुक वाटायचं.

बाईंना हे सगळं आपल्या शिकवण्याचं फळ वाटायचं, आणि का वाटू नये? शेवटच्या तासाला त्या रोज मुलांना एक गोष्ट वाचून दाखवायच्या. पाऊस असो, ऊन असो, कुणी तपासायला आलेलं असो, तो तास त्यांनी कधी चुकवला नाही. पोरं कानात प्राण आणून ऐकतात, असं त्या स्टाफरूममध्ये सांगायच्या. गणित काय, कुणीही शिकवेल, पण माणसाला ऐकायला शिकवणं सोपं नाही, हेही सांगायच्या. गणित मीही शिकवत असल्यामुळे मला हे झोंबायचं, पण तक्ता त्यांच्या बाजूने होता. एक गोष्ट मात्र होती. याच मुलांना तोंडी सांगितलेला गृहपाठ दुसऱ्या दिवशी अर्ध्या वर्गाला आठवायचा नाही, आणि आठवायचा त्यातले निम्मे भलतंच पान करून आणायचे. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

बाईंचं निवृत्तीचं वर्ष आलं. चाचणी जवळ आली होती. एका सुट्टीच्या सकाळी बाई स्वयंपाकघरात ताटं पुसत होत्या आणि बाहेर जेवणाच्या टेबलावर ठमी शाळा शाळा खेळत होती. एक बाहुली, एक कापडी अस्वल आणि आजोबांचे बूट असा तिचा वर्ग. नाकावर आजीचा जुना चष्मा. हातात आजोबांचं शब्दकोडं, ते ती उताऱ्यासारखं वाचून दाखवत होती, उभे शब्द, आडवे शब्द, सगळं. हुबेहूब आजीचा आवाज. बाई दारात उभ्या राहून हसत होत्या. तेवढ्यात ठमीने मधल्या बोटाने चष्मा वर केला, क्षणभर थांबली, आणि खुर्चीवरून खाली उतरून अस्वलाच्या डोक्यात एक टपली मारली. अस्वलाला ती म्हणाली, “गाढवा, चष्मा वर गेला ना आता? मग लिही की.”

बाईंनी ताट खाली ठेवलं आणि विचारलं, हे काय. ठमीने रस्ता कसा ओलांडायचा ते सांगावं तितक्या सहज सांगितलं. दुसऱ्या वाचनाला बाई जिथे चष्मा वर करतात तिथे उत्तर असतं. त्या वेळी जे वाचत असतील ते लिहायचं. पहिल्यांदा चष्मा गेला की पहिल्याचं, पुढच्या खेपेला दुसऱ्याचं. तुला कुणी सांगितलं, असं विचारल्यावर ठमीला प्रश्नच कळेना. सगळ्यांनाच माहीत असतं, ती म्हणाली. चौथीतली मुलं तिसरीतल्यांना सांगतात.

बाईंचा विश्वास बसला नाही. कोपऱ्यावर एक पावाचं दुकान आहे. त्याचा मालक लहानपणी बाईंच्या वर्गात होता. आता त्याचं डोकं अर्धं पांढरं झालंय. संध्याकाळी पाव आणायला गेल्यावर बाईंनी त्याला आडून आडून विचारलं. तो मनापासून हसला आणि म्हणाला की हे तर आमच्याही आधीपासून आहे, मला माझ्या ताईने सांगितलं होतं. वर त्याने पाव कागदात गुंडाळता गुंडाळता आणखी एक सांगितलं. आम्हाला वाटायचं, तुम्ही मुद्दामच करता. पोरांचं भलं व्हावं म्हणून. आम्ही आपापसात म्हणायचो, बाई दिसतात कडक, पण मनाने किती चांगल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी हे सगळं मला सांगितलं. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. मला आधी हसू आलं, आणि ते मी दाबलं नाही. पण बाईंचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला होता, तेव्हा थांबलो. त्या म्हणाल्या, मला खरंच ठाऊक नव्हतं. प्रश्न आधी वाचलेले असतात, उत्तराचं वाक्य जवळ आलं की जीव दडपतो, इथे आपण चुकलो तर पोरांचे गुण जातील, म्हणून नीट बघायला जाते आणि हात आपोआप चष्म्याकडे जातो. मी विश्वास ठेवला. बाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. आणि मी स्वतः इतकी वर्षं त्यांच्या समोरच्या भिंतीला टेकून उभा होतो, मलाही कधी दिसलं नव्हतं. मी पोरांच्या पाठी राखत होतो.

त्या हेडसरांकडे गेल्या, मलाही बरोबर नेलं. हेडसरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. वाचताना चष्मा वर करू नये असा नियम कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, नियम नाही, पण आता मला माहीत झालंय. माहीत नव्हतं तोवर ती सवय होती. आता केलं तर ती लबाडी. हेडसर म्हणाले, बाई, निवृत्तीला आलात, आता कशाला नसतं खूळ डोक्यात घेता. आजवर जसं केलंत तसं एकदा करा आणि मानाने घरी जा. मग त्यांनी खिडकीतून फाटकाजवळच्या काचेकडे बोट दाखवलं. तक्त्यातली तेवढी एक जागा गेली तर या शाळेत मुलं कोण घालणार?

बाहेर आल्यावर मी बाईंना सुचवलं की यंदा मी वाचतो. माझा आवाज कसाही असला तरी माझा चष्मा घट्ट आहे. मला वाटलं, त्या सुटल्यासारख्या होतील. त्या पायरीवर थांबल्या.

“नको,” त्या म्हणाल्या. “मीच वाचणार. मला एकदाच कळू द्या, पोरांना माझं ऐकू येतं की नाही. मी आयुष्यभर वाचत आले ते कुणी ऐकलं, की नुसतं बघितलं? हे माहीत नसताना मी घरी कशी जाऊ?”

मी म्हटलं, मग सराव करू.

पुढचे काही आठवडे आम्ही शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये बसायचो. बाई समोर उभ्या राहून काहीतरी वाचायच्या आणि मी तिसरीतल्या पोरासारखा पेन्सिल घेऊन बसायचो. उतारा त्यांनीच निवडलेला, प्रश्नही त्यांचेच. हात चष्म्याकडे निघाला की मी टेबलावर टिचकी मारायचो. सुरुवातीला टेबल नुसतं वाजत राहायचं. बाई वैतागून म्हणायच्या, माझा हात माझं ऐकतच नाही. मग त्यांनी शिवणाच्या डब्यातला इलॅस्टिकचा तुकडा आणून चष्म्याच्या दोन्ही काड्यांना बांधला आणि डोक्यामागून ताणून घेतला. चष्मा आता हलेना, पण बाई पोहायला निघाल्यासारख्या दिसायला लागल्या. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी चेष्टा केली, मी जास्त. तरीही हात जायचाच. चष्मा घसरला नाही तरी जायचा. म्हणून शेवटी त्यांनी कागद दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंनी धरायचा असं ठरवलं. हे जमलं. शेवटच्या दिवशी त्यांनी पूर्ण उतारा वाचला आणि मला एकदाही टिचकी मारावी लागली नाही. दोघांनाही आनंद झाला. त्या दिवशी मी टेबलाकडे बघत होतो की त्यांच्या हातातल्या कागदाकडे, हे आता सांगता येणार नाही.

वर्गात त्यांनी चष्म्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ठमीलाही बजावलं होतं की घरातली गोष्ट शाळेत न्यायची नाही. ठमीने मान डोलावली. करार पाळण्यात ती पक्की होती.

चाचणीचा दिवस आला. मोठ्या खोलीत दोन्ही वर्ग बसले. मी मागे माझ्या जागेवर. बाईंनी आम्हा सगळ्यांसमोर पाकीट फोडलं, उतारा आणि प्रश्न एकदा मनात वाचले. मग पर्समधून इलॅस्टिक काढून चष्मा पक्का बांधला. पुढच्या बाकांवर कुजबुज झाली आणि विरली. उतारा एका म्हाताऱ्या घड्याळजीचा आणि त्याच्या मांजराचा होता. पहिलं वाचन नेहमीसारखं झालं. प्रश्न वाटले. दुसरं वाचन सुरू करण्याआधी बाईंनी कागद दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि मी मागून पाहिलं तर खोलीतल्या झाडून सगळ्या पेन्सिली कागदापासून वर उचललेल्या होत्या. इतक्या वर्षांत मला ते पहिल्यांदाच दिसलं. मुलं चष्मा वर जायची वाट बघत होती आणि चष्मा आज जाणार नव्हता.

बाई वाचत होत्या. आवाज स्वच्छ, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा. मांजर कुठे झोपायचं त्या वाक्याशी त्या आल्या. हात जागचा हलला नाही. मला वाटलं, आता पोरं गोंधळणार. पण सगळी डोकी एकदम खाली गेली आणि पेन्सिली चालायला लागल्या. पुन्हा वर. घड्याळजीला कुठल्या घड्याळाची चावी सापडत नव्हती, त्या वाक्याला पुन्हा खाली. शेवटच्या प्रश्नापर्यंत हेच. बाईंनी कागद खाली ठेवला तेव्हा त्यांची बोटं पांढरी पडली होती आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. मी लांबूनच मान हलवली. माझे डोळे ओले झाले होते. लिहायला संकोच वाटतो, पण झाले होते. मला वाटलं, पोरांना ऐकू येतंय.

निकाल लागला तेव्हा श्रवणात आमची शाळा नेहमीसारखीच पहिली. निम्म्याहून जास्त मुलांना पैकीच्या पैकी. त्या आठवड्यात बाई हवेत होत्या. स्टाफरूममध्ये बिस्किटांचा मोठा डबा आला. काय सांगितलं होतं, असं त्या प्रत्येकाला गाठून विचारायच्या, आणि त्यांनी नेमकं काय सांगितलं होतं हे कुणालाच आठवत नसलं तरी सगळे हो म्हणायचे. हेडसरांनी काचेतला तक्ता बदलून नवा लावला. वरून, शिक्षण खात्यातल्या साहेबांचा फोन आला. निवृत्तीआधी बाईंनी सगळ्या शाळांमधल्या शिक्षकांना ऐकायला कसं शिकवायचं ते दाखवावं, अशी त्यांची इच्छा होती. बाईंनी त्यासाठी काय बोलायचं ते घरी मोठ्याने म्हणून बघायला सुरुवात केली. नवऱ्याला शब्दकोडं घेऊन आतल्या खोलीत जावं लागलं.

ठमीने हे बोलणं दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी फाटकाबाहेर पडल्यावर तिने आजीचा हात धरला आणि विचारलं की तू तिथे सगळ्यांना कागदाचं पण सांगणार का. कसला कागद, बाईंनी विचारलं.

“अगं आजी, या वेळी तुझा कागद हलायचा ना,” ठमी म्हणाली. “चष्मा वर करायच्या ठिकाणी तू हात घट्ट धरायचीस, मग कागद थरथरायचा. आधी आम्हाला कळलंच नाही. मग पहिल्यांदा थरथरला आणि सगळ्यांना कळलं.”

घरापर्यंत दोघी गप्प चालत गेल्या. ठमीला वाटलं, तिचं काहीतरी चुकलं, म्हणून ती रडायला लागली, तेव्हा बाईंनी तिला जवळ घेतलं आणि तुझं काही चुकलं नाही असं सांगितलं. हे मला बाईंनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं, अगदी सपाट आवाजात, बिस्किटाच्या डब्यातला उरलेला चुरा वर्तमानपत्रावर ओतता ओतता. मला त्यांची कीव आली आणि पोरांचा रागही आला. मग राग गेला. पोरांनी कुणाला फसवलं नव्हतं. त्यांना जे शिकायला मिळालं होतं ते त्यांनी उत्तम शिकून घेतलं होतं.

बाईंनी साहेबांना फोन करून नाही म्हटलं. साहेबांनी आग्रह केला तेव्हा त्या म्हणाल्या, “मला ऐकायला शिकवता येत नाही साहेब. मला फक्त चष्मा वर करता येतो.” साहेबांना हा बाईंचा विनय वाटला. निवृत्तीच्या समारंभात त्यांनी भाषणात तो सगळ्यांना सांगितला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेडसरांनी सर्वांत जोरात.

पण समारंभ नंतरचा. त्याआधी वर्षाचे थोडे दिवस उरले होते. चाचणी झालेली, शिकवायचं संपलेलं, पोरं उन्हाने पेंगुळलेली. माझी चौथी मैदानावर खेळायला गेली होती आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून तपासायच्या वह्यांचा गठ्ठा हातावेगळा करत होतो. शेवटचा तास सुरू झाला. रोजच्यासारखी गोष्ट वाचायला बाई पुस्तक घेऊन उठल्या, आणि समोर उभं राहायच्या ऐवजी वर्गाबाहेर आल्या. दाराशेजारच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, अशा की आतून दिसू नयेत. इलॅस्टिक नव्हतं. चष्मा नेहमीच्या जागी, शेंड्यावर. मला त्यांनी पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं.

तिथून त्यांनी गोष्ट वाचली. लहानशीच गोष्ट होती. एक पूल, एक आंधळी म्हातारी आणि तिची काठी पळवणारा कुत्रा. भिंतीआडून त्यांचा आवाज मी कितीतरी वेळा ऐकला होता, आज पहिल्यांदा भिंतीच्या या बाजूने ऐकत होतो. वाचून झाल्यावर त्यांनी तिथूनच विचारलं, म्हातारी पुलावर कशाला आली होती? आत शांतता. कुत्र्याने काय पळवलं? एका मुलाने टोपी सांगितलं, दुसऱ्याने पिशवी. पुलाखाली काय होतं, याला कुणी उत्तरच दिलं नाही. बाक सरकल्याचे आवाज आले. कुणीतरी उठून दारात डोकावलं आणि परत जाऊन बाकीच्यांना काहीतरी सांगितलं. मी वह्यांवर मान घातली. त्या घटकेला बाईंकडे बघवलं नसतं.

मग आतून ठमीचा आवाज आला. फाटकाच्या आतला, करारातला.

“बाई, तुम्ही दिसत नाही ना, म्हणून नीट ऐकू येत नाही.”

बाई भिंतीला डोकं टेकून समोरच्या मैदानाकडे बघत राहिल्या. तिथे माझी पोरं चेंडूमागे धावत होती. मला वाटलं, आता त्या आत जाऊन समोर उभ्या राहतील, चष्मा वर करतील आणि पुलाखाली काय होतं ते क्षणात सगळ्यांना कळेल. त्यांनी पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर आणलं.

“येईल,” त्या म्हणाल्या. “डोळे मिटा सगळ्यांनी. मी परत पहिल्यापासून वाचते.”

आत हळूहळू सगळं थांबलं. बाईंनी पहिलं वाक्य वाचलं, मग दुसरं. म्हातारी पुलावर चढली. पुलाखालून वाहणाऱ्या पाण्याचं वाक्य आलं तशी त्यांची बोटं पुस्तकावरून सुटली आणि चष्मा वर गेला. तो बघायला तिथे माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.